आमच्या ग्रामपंचायतीची टाकी उपसा सेवा : वापरून झाल्यावरचं मत

गावातल्या घराची संडासची टाकी कधी उपसायची? बहुतेक घरांत याचं एकच उत्तर असतं: तुंबली की. भांड्यात पाणी वर यायला लागलं, परसात वास सुटला की मग फोनाफोनी. आमच्या ग्रामपंचायतीनं हे उलटं केलंय. घरोघरच्या टाक्यांची यादी केली, आळीवार पाच वर्षांची फेरी लावली, आणि आता टाकी तुंबो न तुंबो, नंबर आला की गाडी दारात येते. यंदा आमच्या आळीचा नंबर होता. सेवा वापरून झाली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या गावात नव्या प्लॉटिंगमुळे भुयारी गटाराची मागणी सुरू झालीय त्यांनी तर हे जरूर वाचावं, कारण आमच्याकडे गाडी आणि गटार या दोन्हींचा निर्णय एकाच ग्रामसभेत झाला.

मी सातारा जिल्ह्यात राहते आणि पंचायत समितीकडे घरकुलांची कामं बघते. जोतं, लिंटल, स्लॅब अशा टप्प्याटप्प्यानं जागेवर जाऊन फोटो घ्यायचे, माप तपासायचं, पुढच्या हप्त्याची शिफारस करायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुणाच्या अंगणाखाली काय बांधलंय हे मला पुष्कळ ठिकाणी बघायला मिळतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली काही तक्रारी आहेत, त्या माणसांवर नाहीत, पद्धतीवर आहेत.

आधी सेवा. आदल्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई चिठ्ठी देऊन गेला. तारीख, सकाळ की दुपार, झाकण मोकळं करून ठेवा, टाकीजवळचं जळण आणि मोटरसायकली हलवा, एवढंच त्यात होतं. गाडी सांगितलेल्या वेळेला आली. चालक आणि दोन मदतनीस, तिघांच्याही पायात गमबूट, हातात लांब रबरी हातमोजे, तोंडाला मास्क. झाकण उघडल्यावर लगेच पाइप सोडला नाही. "ताई, जरा लांब उभ्या राहा, वायू निघून जाऊ द्या," असं चालकदादांनी सांगितलं आणि टाकी थोडा वेळ तशीच उघडी ठेवली. मग टोकाला फडकं गुंडाळलेली काठी आत सोडून गाळ कुठवर आलाय ते मोजलं. वर पाणी, खाली गाळ, आणि सगळ्यात वर साय. टाकीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गाळ गेला होता. म्हणजे तुंबली नव्हती, पण काम नीट करतही नव्हती. हे मला महत्त्वाचं वाटतं. टाकी तुंबेपर्यंत वाट बघितली तर मधले कितीतरी महिने गाळ तसाच बाहेर जात असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

उपसा अर्ध्या तासाच्या आत उरकला. तळाशी थोडा गाळ त्यांनी मुद्दाम ठेवला, कारण त्यातल्याच जिवाणूंवर टाकी पुन्हा चालू होते. पूर्ण धुऊन पुसून टाकी कोरी करून मागणारी माणसं असतात, त्यांनाही ते हेच समजावून सांगत होते. पाइपमधून सांडलेलं पाण्यानं धुतलं, चुना मारला, झाकण बसवलं. मोबाइलवर घराची जागा, टाकीचं माप, किती कप्पे, बाहेर पडणारं पाणी कुठं जातं, एवढं नोंदवून माझी सही घेतली. पावतीवर किती लिटर उपसलं आणि गाडी कुठं रिकामी होणार तेही लिहिलेलं होतं.

सगळ्या वेळात एकही माणूस टाकीत उतरला नाही. हे वेगळं सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. माणसाला संरक्षणाशिवाय टाकीत किंवा गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे. तरीही तळाचा घट्ट गाळ निघत नाही म्हणून बादली घेऊन कुणाला तरी आत सोडण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. वेळेवर उपसा होत असेल तर गाळ मुळात इतका घट्ट होतच नाही. या सेवेला मी पहिला गुण देते तो इथे.

पैसे. उपसताना हातावर काहीच द्यायचं नाही. घरपट्टीच्या बिलात स्वच्छता कराची ओळ वाढली आहे, वर्षाला ३०० रुपये. पाच वर्षांचे झाले दीड हजार. पूर्वी खासगी टँकर एका खेपेला अडीच हजाराच्या आसपास घ्यायचा, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि लांबच्या वस्तीवर तर तो सांगेल तो दर. करातून सगळा खर्च निघत नाही, बाकीचा वित्त आयोगाच्या निधीतून भरला जातो. पंधराव्या वित्त आयोगात (मार्च २०२६ पर्यंत) या निधीतला साठ टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. हा पैसा आपल्याच गावाच्या खात्यावर येतो, आणि कितीतरी गावांत तो बाकडी आणि कचऱ्याच्या डब्यांवर संपतो. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तुमच्या गावानं त्यातून काय धरलंय ते एकदा बघा.

खासगी टँकरबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगायलाच हवं. ती गाडी आमच्याकडून भरून गेली की कुठं जायची हे आम्ही विचारत नव्हतो आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. ओढ्याकडेच्या रानात उन्हाळ्यात काळे पट्टे दिसायचे. आमचा ओढा पुढे कृष्णेला मिळतो. आता गाडी तालुक्याच्या गावी जाते, तिथल्या नगरपरिषदेच्या मैला गाळ प्रक्रिया केंद्रावर. मी जाऊन बघून आले. गाळ वाळूच्या वाफ्यांवर पसरतात, पाणी खाली निथळून वेगळ्या टाक्यांत शुद्ध होतं, वर सुकलेला काळसर थर उरतो. वास अगदी गाडी ओततानाच येतो, एरवी नाही. जागाही फार लागत नाही. लोकांना अशा केंद्राची भीती वाटते, आपल्या शिवेजवळ नको म्हणतात, त्यांनी एक चक्कर टाकावी एवढंच म्हणेन.

ही कल्पना आमच्या ग्रामपंचायतीची नाही, आणि ती कुठून आली हे सांगितलं पाहिजे. वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी ठरावीक फेरीनं टाक्या उपसायचं काम राज्यात आधी करून दाखवलं. तिथं तीन वर्षांची फेरी धरली होती आणि दोन्हीकडे रोज सत्तर हजार लिटर गाळ घेणारी केंद्रं उभी राहिली. मग गावांचा प्रश्न आला. एकेका गावाला स्वतंत्र केंद्र परवडत नाही. साताऱ्यात त्यावर मार्ग निघाला: शहराच्या पासष्ट हजार लिटरच्या केंद्रात शिल्लक क्षमता होती, तिथं जकातवाडी, सोनगाव, कोडोली आणि देगाव या शेजारच्या गावांचा गाळ घ्यायचं ठरलं. शहरानं केंद्र द्यायचं, गावांनी गाडी आणि कर यांची व्यवस्था करायची. शहर आणि गाव यांच्यात पाण्यावरून भांडणंच जास्त ऐकू येतात. इथं दोघांनी एक सोय वाटून घेतली, आणि माझ्या मते जिल्ह्यातल्या स्वच्छतेच्या कामात हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय आहे. आमच्या गावानं त्याच धर्तीवर तालुक्याच्या नगरपरिषदेशी करार केला.

आता ग्रामसभेबद्दल.

गेल्या काही वर्षांत आमच्या रस्त्याकडेच्या रानांत प्लॉटिंग झालं. दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे तुकडे, मग त्यावर बंगले, रो-हाउस, एका ठिकाणी तर तीन मजली इमारत. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेतीची वेगळी परवानगी लागत नाही, जमीन महसूल संहितेतच तशी तरतूद झाली आहे. बांधकामाच्या बाबतीतही २०२१ साली सरकारनं गावच्या लोकांचा त्रास कमी केला. तीन हजार दोनशे चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामासाठी नगररचना कार्यालयाच्या चकरा मारायची गरज उरली नाही, ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम होतं. घर बांधू पाहणाऱ्या साध्या माणसाच्या दृष्टीनं ही खरोखर चांगली गोष्ट झाली. आमच्याकडे वर्षानुवर्षं नकाशा मंजुरीत अडकलेली माणसं मी बघितली आहेत.

पण परवानगी देताना कागदावर काय बघितलं जातं? सात-बारा किंवा नमुना आठचा उतारा, वास्तुविशारदाचा नकाशा, शुल्काची पावती, चारी बाजूंची सोडायची जागा. सांडपाणी कुठं जाणार, हा रकाना भरलेला असतो, 'सेप्टिक टँक' असा. तो खरंच बांधला का, किती मापाचा बांधला, त्याचं पाणी शोषखड्ड्यात जातं की गटारीत, हे बघायला कुणी जात नाही. पाच माणसांच्या घराला भारतीय मानकाप्रमाणे साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली एवढी टाकी पुरते. आत आडवी भिंत हवी, वायू जायला नळी हवी, बाहेर शोषखड्डा हवा. प्रत्यक्षात दोन टोकं दिसतात. एकीकडे घराएवढी मोठी, तळ न केलेली टाकी. "पन्नास वर्षं बघायला नको," असं सांगून गवंडी बांधून देतो आणि सगळं खाली जमिनीत मुरतं. दुसरीकडे प्लॉट लहान म्हणून जेमतेम हौद, त्याचा पाइप थेट रस्त्याकडेच्या उघड्या गटारीत. पहिल्या प्रकारात शेजारच्या विहिरीला धोका, दुसऱ्यात आख्ख्या आळीला.

हे सगळं साचत गेलं आणि ग्रामसभेत नव्या वसाहतीच्या लोकांनी मागणी केली: आम्ही घरपट्टी भरतो, आम्हाला भुयारी गटार द्या. मागणी रास्त होती. डासांनी ते हैराण झाले होते, गटारीचं पाणी एका घराच्या पायऱ्यांपर्यंत येत होतं. एका ठेकेदारानं अंदाजपत्रकही तयार करून आणलं होतं. सहा इंची पाइप, दर तीस मीटरला चेंबर, शेवट ओढ्याला. सभेत हात वर होऊ लागले होते.

मी उठून बोलले, आणि तेच इथे मांडते, कारण ही अंदाजपत्रकं गावोगाव फिरत आहेत. गटार हे पाणी वाहून नेण्याचं साधन आहे, शुद्ध करण्याचं नाही. ज्या गटाराच्या शेवटी प्रक्रिया केंद्र नाही त्यानं घाण फक्त वरच्या आळीतून खालच्या आळीत आणि तिथून नदीत जाते. घरोघरी टाकी असते तेव्हा निदान गाळ तरी घरापाशी अडतो. गटार आलं की लोक टाकी बुजवून संडासचा पाइप सरळ चेंबरला जोडतात, आणि जे आजवर टाकीत थांबत होतं तेही ओढ्यात जायला लागतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनमध्ये आपल्या गावांना माणशी दिवसाला पंचावन्न लिटर पाणी धरलेलं आहे. ज्या शहराला गटारयोजना आहे किंवा करायची आहे, तिथं केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेप्रमाणे माणशी एकशे पस्तीस लिटर पाणी धरतात. हा फरक उगाच नाही. गटारातून मैला वाहून न्यायला पाण्याचा जोर लागतो. सहा इंची पाइपला शंभर फुटांना सात इंचांच्या आसपास उतार मिळाला आणि पुरेसं पाणी आलं तर तो स्वतःला धुऊन काढतो. पंचावन्न लिटरमध्ये, तेही दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात, मैला पाइपातच बसतो. मग चेंबर तुंबतात, आणि ते साफ करायला जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरानं पाइप मोकळा करणारी, गाडी ग्रामपंचायतीकडे नसते. कुणाला तरी आत उतरवलं जातं. मी वर ज्या कायद्याबद्दल लिहिलं ते सगळं या एका निर्णयानं धाब्यावर बसलं असतं.

साधा हिशेब करून दाखवला. पाच माणसांचं घर, माणशी पंचावन्न लिटर, म्हणजे दिवसाला दोनशे पंच्याहत्तर लिटर. वापरलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे दोनशे वीस लिटर. दोनशे घरांचे रोज चव्वेचाळीस हजार लिटर. हे पाणी ओढ्यात सोडायचा ठराव आपण करतोय, खालच्या वाडीची विहीर ओढ्याच्या काठाला आहे, तिथली माणसं सभेला आलेली आहेत, त्यांना विचारा. एवढं बोलून मी बसले.

पुण्याचं उदाहरणही सभेत निघालं, ते मी काढलं नव्हतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड (पुण्याजवळचं), धायरी या भागात गुलियन बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा जिवाणू आढळला. यातली बहुतेक ठिकाणं आठ-दहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायती होती. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत गेली, किरकटवाडी आणि नांदेड २०२१ मध्ये. इमारती आधी आल्या, पाणी शुद्धीकरण आणि सांडपाण्याची सोय मागून यायची होती. आमच्या गावातली कितीतरी मुलं त्याच भागात भाड्यानं राहतात. घराघरातून त्या दिवसांत फोन चालू होते. तात्या म्हणून आमच्याकडचे एक वयस्क सदस्य आहेत, ते एवढंच म्हणाले, "तिकडं जे झालं ते आपल्याकडं व्हायला आपण शहरच असलं पाहिजे असं नाही."

त्यानंतर तीन गोष्टी ठरल्या. सध्या गटार नाही, टाक्यांची यादी आणि ठरावीक उपसा. नव्या बांधकामाला परवानगी देताना टाकी आणि शोषखड्डा बांधून झाल्यावर, माती लोटण्याआधी, ग्रामपंचायतीनं बघून फोटो घ्यायचा. घरकुलाला आम्ही प्रत्येक टप्प्याचा फोटो घेतोच, बंगल्याला तेवढा एक घ्यायला काय हरकत आहे? आणि तिसरं, तीन मजली इमारतीसारखं मोठं बांधकाम असेल तर बांधणाऱ्यानंच स्वतःच्या जागेत सांडपाण्याची प्रक्रिया करायची, प्रक्रिया केलेलं पाणी बागेला द्यायचं. हा तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त भांडून घ्यावा लागला. पहिल्या दोघांची अंमलबजावणी चांगली चाललीय. तिसऱ्याची अजून नाही, आणि ती होईल याची मला खात्री नाही, कारण प्लॉटिंगवाल्यांचे हितसंबंध ग्रामपंचायतीच्या दाराबाहेर थांबत नाहीत.

नव्या वसाहतीच्या लोकांवर यात अन्याय झाला का? मी त्यांच्याशी नंतर बरंच बोलले. त्यांचा राग गाडीवर नाही. त्यांना प्लॉट विकताना 'ड्रेनेज लाइनसह' असं सांगितलेलं होतं आणि जागेवर एक कोरडी पाइपलाइन दाखवलेलीही होती, ती कशालाच जोडलेली नाही. प्लॉट घेताना लोक रस्त्याची रुंदी विचारतात, विजेचा खांब कुठं आहे ते बघतात, दिशा बघतात. संडासचं पाणी कुठं जाणार हे विचारायला लाजतात. ते विचारा. लाइन दाखवली तर ती चालत जाऊन शेवटपर्यंत बघा. शेवट ओढ्यात असेल तर ती लाइन नाही असंच समजा.

आता सेवेतल्या उणिवा, कारण सगळं गोडच नाही.

पहिली आणि मोठी: गाडी सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. गावठाणातल्या बोळांत ती शिरत नाही. पाइप जिथवर पुरतो त्याच्या पलीकडची घरं या फेरीत राहिली. ही नेमकी गरिबांची, एकमेकांना लागून असलेली घरं आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवलेली लहान टाकी आणि पंप मिळतो, त्यानं बोळातली घरं होतील. ग्रामपंचायतीनं तो भाड्यानं का होईना आणावा. दोन महिने याचा पाठपुरावा करते आहे, अजून उत्तर 'बघू' असंच आहे.

दुसरी: कर सरसकट लावलाय. हे मला पटत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल म्हणजे किमान पंचवीस चौरस मीटरचं घर. सपाट भागात केंद्र सरकारच्या निकषाचे एक लाख वीस हजार, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, शौचालयाला स्वच्छ भारतचे वेगळे बारा हजार, आणि आता राज्यानं वाढवून दिलेले काही. आजच्या सिमेंट-सळईच्या भावात तेवढ्यात घर उभं करणाऱ्या बाईची काय ओढाताण होते ते मी रोज बघते. या घरांना बहुतेक ठिकाणी दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असतं. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं, ते घरच्या माणसाला स्वतः काढता येतं. या घरांना गाडी लागतच नाही. ज्यांना गाडी लागत नाही त्यांच्याकडून गाडीचा कर घेणं बरोबर नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयाला सूट द्या, हा अर्ज मी पुढच्या ग्रामसभेसाठी दिला आहे. उलट सूट मिळाली तर नवीन घरं बांधणारेही जमीन मुरवणारी असेल तिथं दोन खड्डेच करतील, आणि खडक लागतो तिथंच टाकी बांधतील. (फक्त दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरात आणू नका. पाइप दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या 'वाय' चेंबरमध्ये गवंडी एक तोंड विटेनं बंद करायचं विसरतात, मग दोन्ही एकदम भरतात. हे मी इतक्यांदा बघितलंय की प्रत्येक भेटीत आधी तेच झाकण उघडून बघते.)

तिसरी: मोरीचं आणि भांड्यांचं पाणी या सेवेत येतच नाही, आणि डासांचा त्रास त्याच पाण्यानं होतो. लोकांना वाटतं गाडी आली म्हणजे गटारी कोरड्या होतील. त्या होणार नाहीत. त्यासाठी घरोघरी शोषखड्डे हवेत. नांदेड जिल्ह्यानं हे करून दाखवलंय. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, आणि रोजगार हमीतून मजुरी. टेंभुर्णीसारख्या गावात उघडी गटारच उरली नाही आणि डास हटले. आमच्या काळ्या, चिकट मातीच्या भागात पाणी मुरायला वेळ लागतो, तिथं दोन-तीन घरांचं पाणी एकत्र करून परसबागेला किंवा सार्वजनिक खड्ड्याला नेता येईल. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांच्या आतल्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्यावरच्या गावाला माणशी ६६० रुपये धरलेले होते. हा पैसा गटार खोदण्यात घालवायचा की पाणी जागच्या जागी मुरवण्यात, हे गावानंच ठरवायचं असतं.

चौथी तक्रार लहान आहे. नोंदणीसाठी दिलेला मोबाइल दुपारनंतर लागत नाही, आणि फेरीच्या बाहेर तातडीनं गाडी हवी असेल तर काय करायचं हे चिठ्ठीत लिहिलेलं नाही. मोठ्या कुटुंबाची लहान टाकी पाच वर्षं थांबत नाही. अशा घरांसाठी तीन वर्षांची वेगळी यादी हवी. मोबाइलवर टाकीचं माप आणि माणसं नोंदवलेलीच आहेत, त्यामुळे ती यादी काढायला अवघड नाही.

तरी पाचपैकी चार गुण देते. एक गुण बोळातल्या घरांसाठी राखून ठेवला आहे.

तुमच्या गावात हे सुरू करायचं असेल तर जवळच्या नगरपरिषदेच्या केंद्रात किती क्षमता शिल्लक आहे, याची माहिती लेखी मागा. तिथूनच सगळं सुरू होतं. केंद्र जवळ नसेल तर तालुक्यातल्या आठ-दहा गावांनी मिळून जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे मागणी करावी, गाळ व्यवस्थापनासाठी स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात माणशी २३० रुपयांपर्यंत तरतूद धरली होती. ठरावात तीन गोष्टी नक्की लिहून घ्या: किती वर्षांची फेरी, गाडी कुठं रिकामी होणार, आणि पावती. गाडी केंद्रावर पोहोचल्याची नोंद महिन्याच्या महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. आमच्याकडे पहिले दोन महिने ती लागली, नंतर बंद झाली होती. मागच्या सोमवारी जाऊन मागितली, आता पुन्हा लागली आहे. आमच्या शेजारच्या वरच्या आळीची फेरी पुढच्या महिन्यात आहे. त्या आळीतल्यांनी टाकीच्या झाकणावर फरशी बसवली असेल तर आत्ताच एक फरशी सुटी करून ठेवावी, कारण फोडायचं काम गाडीवाले करत नाहीत आणि चुकलेला नंबर शेवटी जातो.